इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा, एच-इंडेक्स संशोधकाचा

प्राध्यापकांच्या बायोडेटात 'एकूण इम्पॅक्ट फॅक्टर' अशी एक ओळ असते. आपला प्रत्येक पेपर ज्या जर्नलमध्ये आला त्याचा आकडा घ्यायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि मोकळं व्हायचं. या बेरजेला खरं तर काहीच अर्थ नाही, कारण इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या पेपरांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला तो आकडा, जर्नलला असतो, लिहिणाऱ्याला नसतो. पण दोष एकट्या प्राध्यापकांचा नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीत पेपरचे गुणच जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून ठरतात: १ ते २ असेल तर १५ गुण, १०च्या वर असेल तर ३०. मग माणसं तो आकडा स्वतःच्या नावापुढे लावणारच.

इम्पॅक्ट फॅक्टरची कल्पना अमेरिकेतल्या यूजीन गारफील्ड यांची. १९५५च्या त्यांच्या लेखात तिचं बीज आहे आणि १९७५पासून जर्नलांचे आकडे दरवर्षी निघू लागले. २०२४चा आकडा हवा असेल तर त्या जर्नलने २०२२ आणि २०२३मध्ये छापलेल्या पेपरांना २०२४ या वर्षात मिळालेली सायटेशन, म्हणजे इतर पेपरांनी दिलेले संदर्भ, मोजायची आणि त्या पेपरांच्या संख्येने भागायचं. दोनशे पेपर, सहाशे सायटेशन, म्हणजे ३. ही साधी सरासरी आहे, आणि एखादा धनाढ्य राहायला आला की सगळ्या वाडीचं सरासरी उत्पन्न वाढावं तशी ती एकाच गाजलेल्या पेपरने फुगते.

याचं सगळ्यात मजेदार उदाहरण स्फटिकशास्त्रातलं. 'अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए' या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २च्या आसपास असायचा. २००८मध्ये जॉर्ज शेल्ड्रिक यांनी स्फटिकांची रचना उलगडणाऱ्या आपल्या शेलएक्स या संगणक-प्रणालीवर तिथे एक पेपर लिहिला. प्रणाली वापरणाऱ्यांनी तोच संदर्भ द्यावा अशी सोय होती, आणि वापरणारे जगभर होते. २००९ला जर्नलचा आकडा थेट ४९.९, 'नेचर'च्याही वर! २०१०मध्येही तो पन्नाशीच्या पुढेच. २०११ला शेल्ड्रिकांचा पेपर दोन वर्षांच्या खिडकीबाहेर गेला आणि आकडा पुन्हा २च्या घरात आला. त्या दोन वर्षांत तिथे छापून आलेल्या इतरांच्या पेपरांचा दर्जा पंचवीसपट वाढला होता, असं कोण म्हणेल?

संशोधकाला मोजणारा एच-इंडेक्स पुष्कळ नंतरचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो २००५मध्ये सुचवला. संशोधकाचे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे: समजा ९०, ४०, १२, ५, ३. चौथ्या पेपरला किमान चार सायटेशन आहेत, पाचव्याला पाच नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ४. पहिल्या पेपरला ९० ऐवजी नऊ हजार मिळाली तरी आकडा चारच राहतो. म्हणजे एका पेपरने इम्पॅक्ट फॅक्टर उडतो, पण एच-इंडेक्स ढिम्म हलत नाही. प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरचा ऑलिव्हर लॉरी यांचा १९५१चा पेपर तीन लाखांहून जास्त वेळा उद्धृत झाला आहे. एच-इंडेक्सच्या हिशेबात तो एक पेपर, बस.

शिवाय हा आकडा कधी कमी होत नाही. संशोधन थांबलं तरी जुन्या पेपरांच्या जोरावर वाढत राहू शकतो, त्यामुळे तिशीतल्या संशोधकाची साठीतल्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. गणितज्ञाची जीवशास्त्रज्ञाशी तर नाहीच. सायटेशनच्या सवयी विषयागणिक वेगळ्या. आणि आकडा कुठून घेतला तेही सांगावं लागतं. गूगल स्कॉलर प्रबंधांतले, परिषदांतले संदर्भही धरतो, म्हणून तिथला एच-इंडेक्स बहुधा स्कोपस या निवडक संशोधन-साहित्याच्या सूचीतल्यापेक्षा जास्त भरतो.

एच-इंडेक्स जर्नललाही काढता येतो. पण इम्पॅक्ट फॅक्टर माणसाला नाही. पैसे घेऊन भलत्याच नावाचा 'इम्पॅक्ट फॅक्टर' देणारी दुकानंही आहेत. खरा आकडा पाहायचा तर तो दरवर्षी काढणाऱ्या क्लॅरिव्हेट या कंपनीच्या यादीतला.

सहकार्याच्या बाबतीत दोघंही आंधळे. २०१५मध्ये युरोपातल्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या अ‍ॅटलास आणि सीएमएस या गटांनी हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावर काढलेल्या पेपरला ५,१५४ लेखक आहेत. तेहतीस पानांपैकी चोवीस पानं नावांची आणि संस्थांची. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था सीएमएसमध्ये आहे. एच-इंडेक्स त्यातल्या प्रत्येक लेखकाला तो पेपर अख्खा देतो, वाटणी करत नाही. यूजीसीच्या तक्त्यात निदान वाटणी आहे: दोन लेखक असतील तर प्रत्येकी ७० टक्के, त्याहून जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०.