बाळ ऑफिसात आलंय. हात धुतलेत का?

१९ डिसेंबर २०२२ रोजी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपल्या अडीच महिन्यांच्या बाळाला कडेवर घेऊन आल्या आणि दिवसभर टीव्हीवर तेच बाळ झळकलं. त्याआधी सप्टेंबर २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न तीन महिन्यांच्या लेकीला घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गेल्या होत्या. असे फोटो आले की चर्चा रजेकडे, पाळणाघराकडे, हिरकणी कक्षाकडे वळते; वळायलाच हवी. मला मात्र दर वेळी वेगळाच प्रश्न छळतो. अडीच-तीन महिन्यांच्या बाळाच्या रक्तात रोगांशी लढणारं जे काही असतं, त्यातलं त्याचं स्वतःचं किती?

आमदारांचं सोडा, आपल्या साध्या ऑफिसात बाळ येतं तेव्हा काय होतं ते आठवा. आई रजेच्या कागदांवर सही करायला आलेली असते, सोबत पेढ्यांचा पुडा. (मुलगी झाली म्हणून बर्फी, ही टूम आता तरी बंद व्हावी.) बाळ या हातातून त्या हातात फिरतं. "कोणावर गेलाय गं?" यावर अकाउंट्स आणि एचआर यांच्यात मतभेद होतात. मग कुणीतरी, रिकाम्या हाताने बाळ बघू नये म्हणून, खिशातली दहा-वीसची नोट त्याच्या इवल्या मुठीत कोंबतं. तान्ह्या बाळाची मूठ आपोआप घट्ट मिटते, कारण तळहाताला काही लागलं की ते पकडायचं ही जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया आहे. आणि त्या वयात मूठ मिटली की तिचा पुढचा मुक्काम तोंड. ती नोट सकाळपासून किती जणांच्या हातांतून गेली, याचा हिशेब अकाउंट्सवालेही देऊ शकणार नाहीत.

संध्याकाळी घरी बाळ रडून रडून लाल होतं आणि आजी निकाल देऊन मोकळी होते: ऑफिसात दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या-मिरच्या उतरवल्या जातात, मिरच्यांचा ठसका घरभर. इथे थोडं तारखांचं गणित मांडून बघा. साध्या सर्दीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला एक ते तीन दिवस लागतात. आरएसव्ही नावाच्या विषाणूला, जो बाळांच्या छातीत कफ भरवतो, चार ते सहा दिवस. डांग्या खोकल्याच्या जंतूला तर आठवडा-दीड आठवडा. म्हणजे त्याच संध्याकाळचं रडणं ऑफिसातल्या जंतूंचं नव्हे. ते दमल्याचं, मोडलेल्या झोपेचं असतं. शिवाय दीड-दोन महिन्यांच्या सुमारास बाळांचं रडणं तसंही वाढलेलं असतं, त्यातही संध्याकाळी जास्त. जंतूंचा खरा हिशेब पुढच्या आठवड्यात कळतो आणि तोवर ऑफिसची भेट सगळे विसरून गेलेले असतात. दृष्टीच्या कल्पनेचं खरं नुकसान हेच. ती चुकीचं कारण देतेच, वर चुकीचा दिवसही देते.

आता मूळ प्रश्न. प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी, जंतूंना ओळखून अडवणारी प्रथिनं. जन्मतः बाळाच्या रक्तात आयजीजी जातीचे प्रतिपिंड भरपूर असतात, पूर्ण दिवसांच्या बाळात तर आईच्या रक्तातल्यापेक्षा थोडे जास्तच. यातला जवळजवळ प्रत्येक प्रतिपिंड आईने घडवलेला असतो. ती आईने बांधून दिलेली शिदोरी आहे. गंमत अशी की, बाई आठव्या महिन्यापर्यंत ज्या ऑफिसात बसली, तिथल्या दोन-तीन पावसाळ्यांतल्या शिंका-खोकल्यांनी तिला जे प्रतिपिंड बनवायला लावले, तेही या शिदोरीत असतात. बाळ ऑफिसात पहिल्यांदा येतं खरं, पण तिथल्या काही जंतूंची ओळख त्याच्या रक्ताला आधीच असू शकते.

पण हे प्रतिपिंड पलीकडे जातात कसे? या विषयातला मला सगळ्यात आवडणारा भाग हा. "आईचं रक्त बाळाला मिळतं" असं आपण सहज म्हणतो, पण तसं नसतं. दोघांची रक्तं वेगळी राहतात. मध्ये वार असते, म्हणजे प्लासेंटा, आणि तिच्यावर आईच्या रक्तात बुडालेला पेशींचा एक अखंड थर. ऑक्सिजनसारखे छोटे रेणू या थरातून सहज झिरपतात. आयजीजी ऑक्सिजनच्या रेणूपेक्षा सुमारे पाच हजार पट वजनदार. तो झिरपणं शक्य नाही, त्याला उचलूनच न्यावं लागतं. आयरिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस ब्रॅम्बेल यांनी वेल्समधल्या बँगोर इथे सशांवर काम करताना १९५० च्या दशकात हे ताडलं होतं: सगळी प्रथिनं पलीकडे जात नाहीत, काही निवडकच जातात, तेव्हा निवडणारा कुणीतरी ग्राही रेणू (रिसेप्टर) असलाच पाहिजे. त्याचं जनुक प्रत्यक्ष हाती लागायला १९८९ साल उजाडलं. आज त्याला एफसीआरएन म्हणतात.

त्याची कामाची पद्धत बघा. वारेची पेशी आईच्या रक्तातल्या द्रवाचे बारीक घोट सतत घेत असते. प्रत्येक घोट पेशीच्या आत एका सूक्ष्म पिशवीत बंद होतो. रक्ताचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त) ७.४, म्हणजे किंचित अल्कधर्मी. पिशवी आत शिरली की पेशी तिच्यात प्रोटॉन, म्हणजे आम्लता वाढवणारे धनभारित कण, पंप करते आणि पीएच ६ च्या आसपास उतरतो. ७.४ चा ६ झाला हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण पीएचची मोजपट्टी लॉगरिदमची आहे. प्रोटॉनची संख्या सुमारे २५ पट वाढलेली असते.

आता आयजीजीचा आकार इंग्रजी Y सारखा. त्याच्या बुंध्यावर ३१० आणि ४३५ या क्रमांकांच्या जागी हिस्टिडीन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला एक मणी, असतं. हिस्टिडीनचा स्वभाव मोठा सोयीचा: पीएच ७.४ ला ते बहुतांशी भाररहित, पण पीएच ६ च्या आसपास एक प्रोटॉन पकडून धनभारित होतं. एफसीआरएनवर नेमक्या समोरच्या जागी ऋणभारित अमिनो आम्लं असतात. म्हणजे आम्ल वाढलं की आयजीजी ग्राहीला चिकटतो. पिशवीतली बाकीची बरीचशी प्रथिनं पचनाच्या वाटेला लागतात. चिकटलेला आयजीजी वाचतो आणि पिशवीसोबत पेशीच्या दुसऱ्या टोकाला, बाळाच्या बाजूला पोचतो. तिथे पिशवी उघडते, बाहेर पुन्हा ७.४, हिस्टिडीनचा प्रोटॉन निघून जातो, आकर्षण संपतं आणि आयजीजी सुटतो. कुठेही कुलूप उघडायला वेगळी किल्ली नाही. फक्त आम्लतेचा चढ-उतार.

हाच ग्राही रेणू जन्मानंतरही आपल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात काम करत राहतो. तिथे तो आयजीजीला पेशीच्या पोटातून वाचवून परत रक्तात सोडतो. म्हणूनच आयजीजीचं अर्धआयुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, सुमारे २१ दिवस, आणि त्याच्या आयजीएम, आयजीए या भावंडांचं मात्र पाच-सहा दिवसच. आयजीजीच्या चार उपप्रकारांपैकी तिसऱ्यात बहुतेकांच्या शरीरात ४३५ व्या जागी हिस्टिडीनऐवजी आर्जिनीन असतं. एवढ्याशा फरकाने त्याचं अर्धआयुष्य आठवड्यावर येतं. शेकडो अमिनो आम्लांच्या साखळीत एक मणी बदलला आणि मुक्काम तिपटीने घटला! (इथे दमलात तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा, काही बिघडत नाही.)

ही वाहतूक तिसऱ्या महिन्याच्या शेवटी सुरू होते, पण खरा वेग शेवटच्या महिन्यांत. तिसाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाकडे आईच्या जेमतेम निम्मे प्रतिपिंड असतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला वजनापलीकडेही इतकं जपायला सांगतात ते यासाठी.

गाईची गोष्ट याहून वेगळी. गाईच्या वारेतून आयजीजी पलीकडे जात नाही. वासरू जवळपास रिकाम्या हाताने जन्मतं आणि त्याची सगळी भिस्त चिकावर. त्याचं आतडं चिकातले प्रतिपिंड अख्खेच्या अख्खे रक्तात घेतं, पण तेही पहिल्या दिवसापुरतं. मग दार बंद. म्हणजे आपण वेलदोडा-केशर घालून वाफवलेला जो खरवस खातो, तो वासराच्या प्रतिकारशक्तीचा डबा. वाफेवर त्यातले प्रतिपिंड मोडतात आणि कच्चा चीक प्यायलो तरी मोठ्या माणसाचं आतडं ते पचवून टाकतं. "खरवसाने इम्युनिटी वाढते" हा निरोप पुढे पाठवणाऱ्यांनी खरवस चवीसाठी खावा, माझं काही म्हणणं नाही. पुष्य नक्षत्र गाठून बाळाच्या जिभेवर सोन्याचा थेंब ठेवणाऱ्यांनाही एवढंच सांगणं: सोन्यापासून प्रतिपिंड बनत नाहीत.

आता शिदोरी संपण्याचं गणित. नाळ कापली की पुरवठा बंद. आईच्या दुधातून आयजीए मिळत राहतात आणि ते फार मोलाचे असतात, पण ते घशात-आतड्यात पहारा देतात, रक्तात जात नाहीत. रक्तातले आयजीजी साधारण तीन ते सहा आठवड्यांत निम्मे होतात, मग त्याचे निम्मे. बारा आठवड्यांनी, जंतूनुसार, पाव उरतील किंवा सोळावा हिस्सा. दरम्यान बाळाचा स्वतःचा कारखाना सुरू झालेला असतो, पण सावकाश. दोन्हींची बेरीज केली तर तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान एकूण आयजीजी तळाला जातो, जन्मावेळच्या निम्म्याच्याही खाली.

आपला कायदा याच तळाशी येऊन थांबतो. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे आई कामावर परतते तेव्हा बाळ चार ते सहा महिन्यांचं असतं. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोयही याच दुरुस्तीने बंधनकारक केली. कायदा करणाऱ्यांनी प्रतिपिंडांचा आलेख बघितला असेल असं मला वाटत नाही. पण पाळणाघर उभारणाऱ्या कंपनीने तो बघावा आणि भिंतीवर कार्टून रंगवण्याआधी हात धुवायचं बेसिन बसवावं.

शिदोरीची दुसरी मर्यादा जास्त गंभीर. त्यात तेच असतं जे आईच्या रक्तात आहे. डांग्या खोकल्याची लस आईला लहानपणी मिळाली असेल, पण त्याचे प्रतिपिंड तिशीपर्यंत फार उरत नाहीत. बाळाची स्वतःची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला. तोवर ते उघडंच. मोठ्या माणसात हाच आजार म्हणजे लांबलेला खोकला, ज्याला आपण "एसीचा त्रास" म्हणून ऑफिसात येत राहतो. तान्ह्या बाळात मात्र कधी कधी खोकला येतच नाही, श्वासच थांबतो. २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये अशी साथ आली, तेव्हा दगावलेली बाळं तीन महिन्यांच्या आतलीच होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून ब्रिटनने गरोदर स्त्रियांना ही लस द्यायला सुरुवात केली: लस आईला, प्रतिपिंड बाळाला, मधला हमाल एफसीआरएन. आपल्या सरकारी कार्यक्रमात गरोदरपणी धनुर्वात आणि घटसर्पाची लस मिळते. डांग्या खोकल्याचा अंश असलेली लस डॉक्टरांना विचारून घ्यावी लागते.

उलटा प्रकारही आहे. गोवराची लस आपण नवव्या महिन्यापर्यंत थांबवतो, कारण त्याआधी आईचे शिल्लक प्रतिपिंड लसीतल्या विषाणूलाच गारद करतात.

आणि आता माझ्या लाडक्या हिस्टिडीनच्या शेजाऱ्यांची करामत. आरएसव्हीविरुद्ध निर्सेव्हिमॅब नावाचा प्रयोगशाळेत बनवलेला प्रतिपिंड २०२२-२३ मध्ये युरोप-अमेरिकेत मंजूर झाला. ही लस नव्हे, तयार प्रतिपिंडच टोचतात. त्याच्या बुंध्यावर २५२, २५४ आणि २५६ या जागांवरची तीन अमिनो आम्लं मुद्दाम बदलली आहेत. परिणाम एकच: पीएच ६ ला तो एफसीआरएनला जास्त घट्ट धरतो, पण ७.४ ला पूर्वीसारखाच सोडतो. त्यामुळे अर्धआयुष्य २१ दिवसांवरून सुमारे ७० दिवसांवर गेलं आणि एका टोचणीत बाळाचा सबंध साथीचा हंगाम निघतो. ब्रॅम्बेल यांच्या सशांपासून इथवरचा प्रवास मला कुठल्याही चमत्कारापेक्षा रोमांचक वाटतो.

काही जण म्हणतील, म्हणूनच तर आपले पूर्वज सव्वा महिना बाळाला बाहेर काढत नसत, त्यांना सगळं ठाऊक होतं! नव्हतं. सव्वा महिना पाळला जायचा तो विटाळासाठी. आणि त्याच सव्वा महिन्यात बारशाला सगळं गाव बाळाचे मुके घेऊन जायचं.

मग बाळाला ऑफिसात न्यावं की नाही? जरूर न्यावं, पण सहाव्या आठवड्याची लस झाल्यावर, मोकळ्या हवेच्या जागी आणि थोडक्यात. घेणाऱ्याने आधी साबणाने हात धुवावेत. नोट आईच्या पर्समध्ये द्यावी. सर्दी-खोकला असलेल्याने लांबूनच टाटा करावा. ज्याच्या ओठावर ताप मुतलाय त्याने तर जवळही येऊ नये, कारण तो हर्पिसचा विषाणू असतो आणि नवजात बाळात तो मेंदूपर्यंत पोचू शकतो. या सूचना आईला द्यायला लावू नका, तिला संकोच वाटतो. एचआरने आदल्या दिवशी मेल टाकावी. भेटीनंतरच्या आठवड्यात बाळ दूध कमी प्यायलं, श्वासाला बरगड्या आत ओढू लागलं किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप ३८ अंश सेल्सिअसला, म्हणजे १००.४ फॅरनहाइटला पोचला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, रात्र असली तरी.