मिनिटाला १८० पावलं : हौशी धावपटूंच्या मानगुटीवर बसलेल्या आकड्याची पार्श्वभूमी

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, साताऱ्यातली घाटाची हाफ मॅरेथॉन २०१२ साली. या दरम्यान महाराष्ट्रात चाळिशी-पन्नाशीत पळायला लागलेल्यांचा एक नवा वर्गच तयार झाला. शाळा सुटल्यापासून मैदानाकडे न फिरकलेल्या या मंडळींना ‘पळायचं नेमकं कसं?’ हा प्रश्न पडला. नेमक्या त्याच वर्षांत परदेशात धावण्याच्या तंत्रावरून मोठे वाद पेटलेले होते. आपल्याकडे आली ती त्या वादांतली घोषवाक्यं: ‘टाच टेकवू नका’, ‘मिनिटाला १८० पावलं टाका’. त्यांच्याभोवतीच्या अटी-शर्ती मागेच राहिल्या.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एका इथिओपियन धावपटूने अनवाणी मॅरेथॉन जिंकली. सत्तरच्या दशकात अमेरिकेत जॉगिंगची लाट आली आणि बुटांच्या टाचा जाड झाल्या. मग २०१० साली एक गाजलेला अभ्यास आला: सवयीने अनवाणी पळणारे बहुधा चवड्यावर किंवा पाऊल सपाट टाकतात, आणि जमिनीचा पहिला दणका त्यांना कमी बसतो. यातून ‘टाच टेकवणं चूक’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी फार घाई केली. २०१३ साली उत्तर केनियातल्या आयुष्यभर अनवाणी राहिलेल्या लोकांची पाहणी झाली, तेव्हा आरामाच्या वेगात त्यांचीही बहुतेक पावलं टाचेवरच पडत होती. २००४ च्या सप्पोरो हाफ मॅरेथॉनमध्ये आघाडीच्या धावपटूंचं १५ किलोमीटरवर चित्रीकरण झालं होतं. त्यातलेही सुमारे ७५ टक्के टाचेवर उतरणारेच. अनवाणी पळण्यासारखे म्हणून पाचबोटी बूट विकणाऱ्या कंपनीला २०१४ मध्ये आरोग्यविषयक दाव्यांवरचा खटला मिटवण्यासाठी साडेसदतीस लाख डॉलर बाजूला काढावे लागले.

टाचेचा वाद असा निवळला. १८० चा आकडा मात्र अजून हटायला तयार नाही.

त्याचं मूळ १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आहे. एका अमेरिकन प्रशिक्षकाने पत्नीसोबत प्रेक्षकांत बसून धावपटूंची पावलं मोजली. एकूण ४६ धावपटू, ८०० मीटरपासून मॅरेथॉनपर्यंतचे. एक सोडून सगळ्यांच्या पावलांची गती मिनिटाला १८० किंवा त्याहून जास्त भरली. निरीक्षण खरंच मोलाचं होतं, पण ते होतं जगातल्या सर्वोत्तम धावपटूंचं आणि तेही शर्यतीच्या वेगात. शिवाय १८० ही तिथली जवळजवळ सर्वात खालची पातळी होती, सरासरी नव्हे. पुढे या संदर्भाची टरफलं गळून पडली आणि ‘मिनिटाला १८० म्हणजे योग्य’ एवढंच उरलं. मनगटावरच्या घड्याळांनी केडन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं, दाखवायला सुरुवात केल्यावर तर तो आकडा रोज सकाळी डोळ्यांसमोर नाचू लागला. १८० च्या ठोक्यावरची गाणी आली, टिकटिक करणारी ॲप्स आली.

यात काय बिनसतं ते हिशेबाने बघा. तीन मिनिटांत किलोमीटर संपवणारा १८० पावलं टाकतो, तेव्हा त्याचं एकेक पाऊल सुमारे १८५ सेंटिमीटरचं असतं. किलोमीटरला सात मिनिटं घेणाऱ्याने तीच गती धरली, तर पाऊल येतं ७९ सेंटिमीटरवर. असं तुरुतुरु पळणं काहींना जमतं. बहुतेकांचा श्वास चढतो, नाहीतर नकळत वेग वाढतो. उंची, पायांची लांबी, वेग, चढ-उतार यांनुसार प्रत्येकाची गती वेगळी असणारच. सरसकट आकडा लादणं हा माझ्या मते या नव्या धावपटूंवर झालेला अन्याय आहे. १६४ दिसलं म्हणून ‘आपल्याला पळताच येत नाही’ असं मानणारी माणसं आजही भेटतात, याचं वाईट वाटतं.

मात्र केडन्स ही गोष्टच निरर्थक ठरवणंही बरोबर नाही. २०११ साली एका अमेरिकन प्रयोगशाळेने साध्या हौशी धावपटूंना वेग तोच ठेवून, त्यांच्या स्वतःच्या गतीत ५ ते १० टक्के वाढ करायला सांगितली. गुडघ्यावरचा भार घटला. दहा टक्के वाढीत नितंबाच्या सांध्यावरचाही कमी झाला. कारण सरळ आहे: पावलं आखूड झाली की पाय शरीराच्या फार पुढे जाऊन आदळत नाही. पाय असा पुढे आदळणं हीच खरी खोड, मग टाच टेको वा चवडा. साताऱ्याच्या शर्यतीतल्या यवतेश्वर घाटाच्या उतारावर ती चटकन दिसते: गुडघा ताठ, पाऊल पार पुढे आणि प्रत्येक टप्प्याला ब्रेक. तेव्हा १६० वाल्याने १६८ ते १७६ च्या आसपास येऊन बघावं, एवढाच त्या प्रयोगाचा अर्थ. त्यात १८० कुठेच नाही.

२०१७ नंतर तळात कार्बनची पट्टी असलेल्या जाड बुटांनी चर्चा पुन्हा पायातल्या वस्तूकडे नेली, आणि त्या गलक्यात २०१८ चा हाँगकाँगमधला अभ्यास आपल्याकडे फारसा पोहोचला नाही. तिथे ३२० नवशिक्या धावपटूंचे दोन गट केले. एका गटाला दोन आठवडे ट्रेडमिलवर, समोरच्या पडद्यावर दणका किती बसतोय ते दाखवत, फक्त ‘हलकं उतरा’ एवढं शिकवलं. वर्षभरात त्या गटातल्या दुखापती दुसऱ्या गटापेक्षा ६२ टक्के कमी होत्या. मात्र पोटरी आणि टाचेमागच्या अकिलीसच्या शिरेची दुखणी याच गटात जास्त निघाली. गुडघ्यावरून हटलेला भार काही हवेत विरत नाही, तो खाली सरकतो. म्हणून चाळिशीनंतर पळायची ढब बदलणाऱ्याने पोटऱ्यांचा व्यायाम आधी सुरू करावा आणि नवी ढब सुरुवातीला छोट्या, सावकाश धावांपुरतीच ठेवावी.