एक जंगल, तीन दप्तरे: खानापूर-चंदगड पट्ट्यातील जैवविविधतेच्या नोंदींची पार्श्वभूमी

खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, कणकुंबी-जांबोटीच्या परिसरात, तीन राज्यांचे जंगल एकमेकांना भिडते. कर्नाटकाचे भीमगड अभयारण्य, त्याला लागून गोव्याचे म्हादई अभयारण्य, उत्तरेला महाराष्ट्रातील चंदगड व दोडामार्गची वनक्षेत्रे आणि दक्षिणेला काळी व्याघ्र प्रकल्प असा हा पट्टा आहे. त्याच्या संवर्धनाचा कोणताही आराखडा हाती घेतला, की कोणता प्राणी किंवा वनस्पती कुठे आहे याची माहिती तीन वनखाती, तीन जैवविविधता मंडळे आणि अनेक केंद्रीय संस्था यांच्या दप्तरांतून गोळा करावी लागते. ही विभागणी कशी झाली आणि ती कुठे सांधली गेली, याचा हा मागोवा आहे.

आरंभी या भागाचे दप्तर बऱ्याच अंशी एक होते. बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात असल्यामुळे १८८४ च्या जिल्हा गॅझेटियरमध्ये येथील झाडे, जनावरे आणि पक्षी यांची माहिती इलाख्यातील इतर जिल्ह्यांच्याच धर्तीवर आली. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात बेळगाव, कोकण आणि कारवारकडील वनस्पती एकाच वर्गीकरणात बसवलेल्या आहेत. १९११ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली आणि ती १९२३ पर्यंत चालली. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतील वटवाघळांचे नमुने याच पाहणीत गोळा झाले. ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये त्यांचे वर्णन नवी जाती म्हणून केले आणि तिला, आधी वनखात्यात नोकरी केलेल्या व पुढे या पाहणीत पुढाकार घेतलेल्या रॉटन यांचे नाव दिले. कंबोडिया आणि मेघालयातील नोंदी हाती येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत, ही जाती जगात एवढ्या एकाच ठिकाणाहून ठाऊक होती. पाहणीतील नमुने मुंबई आणि लंडन येथे विभागून ठेवले गेले. ज्या गावच्या हद्दीत गुहा आहे तेथे किंवा बेळगावच्या वनकार्यालयात त्या पाहणीचे काही राहावे अशी योजना नव्हती. एकसंध दप्तराच्या त्या काळाचे कौतुक करताना एवढे ध्यानात ठेवावे लागते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना अमलात आली. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, मात्र चंदगड तालुका त्यातून वगळला गेला आणि पुढे कोल्हापूर जिल्ह्यात राहिला. सीमाप्रश्नावर आपल्याकडे गेल्या सत्तर वर्षांत जे अमाप लिहिले गेले, त्यात जंगलाच्या नोंदींचे काय झाले याचा उल्लेख क्वचितच येतो. प्रत्यक्षात त्या तारखेपासून एकाच डोंगररांगेची कार्य-आयोजना (वनव्यवस्थापनाचा आराखडा), नकाशे आणि गणना दोन राजधान्यांकडे जाऊ लागल्या. त्यापलीकडचा, गोव्यातील सत्तरीचा भाग १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली असल्याने तेथील कागद आधीपासूनच वेगळे होते. वनस्पतींचे ग्रंथही पुढे राज्यवार निघू लागले, त्यामुळे कुक यांच्या ग्रंथात एकत्र असलेली बेळगाव आणि चंदगडची झाडे आता दोन वेगळ्या ग्रंथांत शोधावी लागतात. संरक्षणाचे टप्पेही जुळले नाहीत. गोव्याने म्हादई अभयारण्य १९९९ मध्ये जाहीर केले, त्याच्या पलीकडचे भीमगड अभयारण्य होण्यास डिसेंबर २०११ उजाडला आणि महाराष्ट्राने तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र २०२० मध्ये घोषित केले.

या तुटलेपणाची जाणीव सर्वसामान्यांना प्रथम करून दिली ती हत्तींनी. २००२ च्या सुमारास कर्नाटकातील जंगलातून हत्ती दोडामार्ग तालुक्यात उतरले आणि पुढे सिंधुदुर्ग, चंदगड, आजरा या भागांत त्यांचा वावर रुजला. महाराष्ट्राच्या या भागातील वनकर्मचाऱ्यांना रानटी हत्तींचा अनुभव नव्हता. दांडेली आणि खानापूरकडच्या कर्मचाऱ्यांना तो पिढ्यान्‌पिढ्या होता. कळप कोणत्या ऋतूत कोणत्या वाटेने फिरतो हे ज्या रेंजच्या (वनपरिक्षेत्राच्या) नोंदवहीत लिहिलेले असते, ती रेंज सीमेच्या एका बाजूला आणि भात-ऊस गमावणारा शेतकरी दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती झाली. फेब्रुवारी २०१५ मध्ये सिंधुदुर्गातील माणगाव खोऱ्यातील तीन हत्ती पकडले गेले, ते कर्नाटकातून आलेल्या प्रशिक्षित हत्तींच्या आणि माहुतांच्या मदतीने. संकट ओढवल्यावर माणसे आणि जनावरे सीमा ओलांडून मदतीला येतात, हे त्यातून दिसले. नोंदींची रोजची देवाणघेवाण ही मात्र निराळीच गोष्ट आहे.

ती घडली वाघाच्या बाबतीत, आणि त्याची कारणे पाहण्यासारखी आहेत. २००६ पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या देशव्यापी व्याघ्रगणनेची कार्यपद्धती राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी ठरवून दिली. सर्व राज्यांनी एकाच पद्धतीने चिन्हे नोंदवायची, कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेले की आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे) एकाच रीतीने लावायचे आणि छायाचित्रे एका ठिकाणी पाठवायची, असा तो नियम आहे. वाघाच्या अंगावरील पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात, डाव्या आणि उजव्या कुशीवरचेही सारखे नसतात. त्यामुळे दोन्ही कुशींची छायाचित्रे मिळाली की जनावराची ओळख पक्की होते. अहवालातही पश्चिम घाट हे एकच भूक्षेत्र धरले जाते. या पद्धतीमुळेच २०२२ मध्ये राधानगरीत टिपलेला वाघ दोन वर्षांनी काळी व्याघ्र प्रकल्पात पुन्हा टिपला गेल्याचे ओळखता आले आणि राधानगरी ते काळी हा भ्रमणमार्ग वापरात असल्याचा पुरावा मिळाला.

या माहितीचे मोल गोव्याच्या प्रकरणात अधिक स्पष्ट झाले. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतील गोळावलीच्या जंगलात चार वाघ विषप्रयोगाने मेलेले आढळले. गोव्यात दिसणारे वाघ हे शेजारून येणारे पाहुणे आहेत, असा युक्तिवाद त्याआधीही होत असे. पाहुणे की रहिवासी हे ठरवायचे तर एकट्या गोव्याच्या छायाचित्रांवर भागत नाही. भीमगड आणि काळी येथील छायाचित्रे शेजारी मांडावी लागतात. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई आणि लगतची क्षेत्रे व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला.

माहिती दडून राहण्यामागे आळस किंवा तांत्रिक अडचण असते असे सहसा मानले जाते. सीमाभागात त्याहून मोठे कारण असे, की येथे माहिती हाच पुरावा ठरतो. म्हादई जलतंटा लवाद २०१० मध्ये स्थापन झाला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याने निवाडा दिला. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मिळाले, त्यांपैकी कळसा आणि भांडुरा या खानापूर तालुक्यातील नाल्यांवरून मलप्रभेकडे वळवण्यासाठी ३.९ टीएमसी. परंतु खोऱ्यात मुळात पाणी किती आहे यावरच राज्यांचे एकमत नव्हते आणि लवादाला आधी तेच ठरवावे लागले. जेथे पाऊस आणि प्रवाह यांचे आकडेही बाजू मांडण्यासाठी वापरले जातात, तेथे एखाद्या नाल्यातील मासे किंवा बेडूक यांची यादी शेजारच्या राज्याला सहजपणे मिळेल ही अपेक्षा भाबडी आहे. मला वाटते, माहितीच्या देवाणघेवाणीवर बोलणाऱ्या बहुतेक धोरणांत या गोष्टीचा पुरेसा विचार झालेला नाही.

पश्चिम घाट तज्ज्ञ गटाचा अनुभवही याच जातीचा आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली मार्च २०१० मध्ये नेमलेल्या या गटाने संपूर्ण घाटाचे सुमारे नऊ किलोमीटर बाजूचे चौकोन पाडले आणि प्रदेशनिष्ठ जाती, वनाच्छादन, उंची, उतार अशी निरनिराळ्या संस्थांकडची माहिती त्यांत भरली. राज्यांच्या हद्दी बाजूला ठेवून केलेली ही एवढ्या व्याप्तीची पहिलीच मांडणी म्हणता येईल. ऑगस्ट २०११ मध्ये सादर झालेला अहवाल मात्र सरकारने लोकांपुढे ठेवला नाही. केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने उचलून धरल्यावर मे २०१२ मध्ये तो खुला झाला. त्यानंतर घाटाचाच फेरविचार करणाऱ्या कस्तुरीरंगन गटाने उपग्रह-चित्रांच्या आधारे गाव हे एकक धरले. त्यावरून निघालेल्या मसुदा अधिसूचनांपैकी ३१ जुलै २०२४ च्या सहाव्या मसुद्यात सहा राज्यांतील ५६,८२५ चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र आहे, आणि गावांच्या याद्या पुन्हा राज्यवारच आहेत.

गावपातळीवरचा धागा २००२ च्या जैविक विविधता कायद्यातून आला. प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावी, ही त्यातील व्यवस्था. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर देशभर नोंदवह्यांची घाई झाली, आणि घाईत भरलेल्या वह्यांचा दर्जा कसा असतो हे वेगळे सांगायला नको. शिवाय सीमेच्या अलीकडची वही कर्नाटकाच्या मंडळाकडे कन्नडमध्ये आणि पलीकडची महाराष्ट्राच्या मंडळाकडे मराठीत जाते. २०१२ चे राष्ट्रीय माहिती वाटप धोरण सरकारी पैशाने जमवलेली असंवेदनशील माहिती खुली करण्यास सांगते, परंतु गावच्या वहीतील औषधी वनस्पतींचे ज्ञान, किंवा शिकाऱ्यांच्या उपयोगी पडेल असे जनावराचे नेमके ठिकाण, संवेदनशील धरावेच लागते. वाघासाठी ही अडचण ठरलेल्या कार्यपद्धतीने आणि केंद्रीय संचयाने सोडवली. वटवाघळे, गोड्या पाण्यातील मासे आणि सड्यावरच्या (खडकाळ पठारांवरच्या) वनस्पती यांच्यासाठी तशी कार्यपद्धती नाही, आणि कळसा नाल्याच्या काठावर नियोजनाचा प्रश्न मुख्यतः त्यांचाच आहे.