सोळा मिलिमीटर, चोवीस मिलिमीटर

जुन्या कॉम्प्युटरच्या सामानात परवा मला एक ग्राफिक्स कार्ड सापडलं. एटीआय रेडिऑन एचडी 4850, साल 2008. पंखा जाम झाला होता, पट्ट्यांमध्ये धुळीचा गादीसारखा थर. मागचे चार स्क्रू काढले आणि हीटसिंक हळूहळू डावी-उजवीकडे हलवत सोडवली. खालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने ती पुसत गेलो आणि मधोमध एक आरसा उघडा पडला. तीच चिप. पट्टी लावून बघितलं तर एक बाजू 16 मिलिमीटर, दुसरीही साधारण तेवढीच. अंगठ्याच्या नखाएवढा हा चौकोन, आणि त्यात 95 कोटींहून जास्त ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे सूक्ष्म स्विच.

हे कार्ड आलं त्याच महिन्यात, जून 2008 मध्ये, एटीआयची प्रतिस्पर्धी कंपनी एनव्हिडियाने जीटीएक्स 280 हे कार्ड बाजारात आणलं. त्याची चिप 24 मिलिमीटर बाय 24 मिलिमीटर होती आणि तीत 140 कोटी ट्रान्झिस्टर होते. सोळाचा वर्ग 256, चोवीसचा वर्ग 576. ग्राफिक्स कार्डांच्या इतिहासातलं एक अतिशय चुरशीचं किंमतयुद्ध या दोन आकड्यांमधून समजून घेता येतं, आणि आज कार्डं एवढी महाग का झाली याचं उत्तरही बरंचसं याच आकड्यांच्या वाटेने सापडतं.

यातली एकही कंपनी ग्राफिक्स चिप स्वतःच्या कारखान्यात बनवत नव्हती, आजही बनवत नाही. दोघी फक्त आराखडा तयार करतात. प्रत्यक्ष चिप तैवानमधल्या टीएसएमसीच्या कारखान्यात तयार होते, सिलिकॉनच्या गोल चकतीवर. या चकतीला वेफर म्हणतात आणि तिचा व्यास 300 मिलिमीटर असतो. कारखाना पैसे घेतो ते वेफरचे. तिच्यातून किती चिपा निघाल्या हे ज्याचं त्याने बघायचं.

नारळाच्या वड्या गोल थाळीत थापून कापताना काय होतं ते आठवा. वड्या चौकोनी आणि थाळी गोल, म्हणून कडेला तुकडे उरतातच. वडी जितकी मोठी कापाल तितकी कडेची नासाडी जास्त. 576 चौरस मिलिमीटरच्या चिपा एका वेफरवर साधारण 94 बसतात. 256 चौरस मिलिमीटरच्या बसतात सुमारे 234.

खरी गंमत याच्या पुढे आहे. नारळ खवताना करवंटीचा एखादा बारीक कण सारणात पडतो आणि ज्या वडीत तो जातो ती वाया जाते. वेफरवरही असे दोष राहतात. धुळीचा कण असेल, एखादी तार नीट उमटलेली नसेल. हे दोष कुठे पडतील ते कुणाच्या हातात नसतं. समजा एका वेफरवर असे 100 दोष विखुरले आहेत. हा आकडा मी फक्त हिशेबासाठी धरला आहे. मोठ्या चिपेच्या वाट्याला दोष येण्याची शक्यता इतकी वाढते की 94 पैकी जेमतेम 42 निर्दोष निघतात. लहान चिपा मात्र 234 पैकी 163 निर्दोष निघतात. क्षेत्रफळातला फरक सव्वादोन पट, पण हाती लागणाऱ्या मालातला फरक जवळपास चौपट. चिपेचं क्षेत्रफळ वाढतं त्यापेक्षा तिची किंमत जास्त वेगाने वाढते, ती यामुळे.

दोष असलेली प्रत्येक चिप फेकून देतात असं मात्र नाही. एनव्हिडियाच्या त्या मोठ्या चिपेत गणित करणाऱ्या एककांचे 10 गट होते, प्रत्येक गटात 24, म्हणजे एकूण 240. ज्या चिपेतले एक-दोन गट बिघडलेले असत, तिचे दोन गट बंद करून ती 192 एककांची जीटीएक्स 260 म्हणून स्वस्तात विकली जाई. दुकानात आपल्याला दोन वेगवेगळी मॉडेलं दिसतात. अनेकदा ती एकाच वेफरवरची सख्खी भावंडं असतात, एक धडधाकट आणि एक जरा अधू. हा पायंडा आजही तसाच चालू आहे.

आता त्या जूनमधल्या किमती. जीटीएक्स 280 ची किंमत 649 डॉलर, जीटीएक्स 260 ची 399. एनव्हिडियाच्या अंदाजात समोरून मोठं आव्हान नव्हतं. एएमडीने 2006 मध्ये 5.4 अब्ज डॉलर मोजून एटीआय विकत घेतली होती, आणि त्यानंतर 2007 मध्ये आलेलं एचडी 2900 एक्सटी हे कार्ड उशिरा आलं, तापलं, वीज खात राहिलं आणि वेगातही मागे पडलं. त्याची चिप 420 चौरस मिलिमीटरची होती. सगळ्यात मोठी चिप बनवून पहिला नंबर मिळवायच्या शर्यतीत एटीआय दमली होती.

पण चिपेची आखणी सुरू झाल्यापासून ती दुकानात यायला तीनेक वर्षं जातात. म्हणजे 2900 एक्सटीची फजिती व्हायच्या आधीच एटीआयच्या आत वेगळा निर्णय झालेला होता: सगळ्यात मोठी चिप बनवायचीच नाही. बहुसंख्य लोक जेवढे पैसे खर्च करू शकतात त्या किमतीला उत्तम बसेल अशी मध्यम चिप आखायची, आणि अगदी वरच्या गिऱ्हाइकासाठी तशाच दोन चिपा एका कार्डावर लावायच्या. मला हा निर्णय धाडसाचा वाटतो. ज्या धंद्यात पहिल्या नंबरच्या जोरावर बाकीचा सगळा माल खपतो, तिथे पहिला नंबर आपण होऊन सोडायला छाती लागते.

यात एक अडचण होती, मेमरीची. चिप आणि मेमरी यांच्यातल्या तारा चिपेच्या कडेवरून बाहेर पडतात, त्यामुळे तारा किती हव्यात यावरून चिपेचा घेर ठरतो. 24 मिलिमीटरच्या चिपेचा घेर 96 मिलिमीटर. त्यावर एनव्हिडियाने 512 बिटांची वाट बसवली होती. 16 मिलिमीटरच्या चिपेचा घेर फक्त 64, म्हणून तिथे 256 बिटच बसले. अर्ध्या वाटेतून माल जाणार कसा? त्यासाठी एटीआयने जीडीडीआर5 ही तेव्हा अगदी नवी मेमरी निवडली. जुनी जीडीडीआर3 घड्याळाच्या एका ठोक्याला एका तारेवरून दोन बिट पाठवायची, ही चार. एचडी 4870 या मोठ्या भावंडात ती बसवल्यावर अर्ध्याच तारांतून सेकंदाला 115 गिगाबाइट जाऊ लागले. जीटीएक्स 280 मध्ये दुप्पट तारांतून 142 जात होते. तारा कमी म्हणजे मेमरीच्या चिपाही कमी, 16 ऐवजी 8. सर्किट बोर्ड साधा, कार्ड स्वस्त. ही मेमरी वेळेवर तयार झाली नसती तर सगळा डाव फसला असता.

एचडी 4850 आलं 199 डॉलरला, एचडी 4870 आलं 299 डॉलरला. दोन्हींत चिप एकच, फक्त ठोक्यांचा वेग आणि मेमरी वेगळी. 299 डॉलरचं कार्ड अनेक गेममध्ये 399 डॉलरच्या जीटीएक्स 260 च्या बरोबरीने किंवा पुढे धावत होतं. जीटीएक्स 280 पुढे होतं, पण ते दुपटीहून महाग. काही आठवड्यांत एनव्हिडियाला 280 ची किंमत 649 वरून 499 वर आणि 260 ची 399 वरून 299 वर आणावी लागली. म्हणजे 576 चौरस मिलिमीटरची चिप आणि 256 चौरस मिलिमीटरची चिप आता एकाच किमतीला समोरासमोर उभ्या होत्या. आपल्याकडे तेव्हा डॉलर 43 रुपयांच्या आसपास होता. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर राहून लॅमिंग्टन रोडच्या चकरा मारणाऱ्या पोरांना तो पावसाळा अजून आठवत असेल. सप्टेंबरमध्ये एनव्हिडियाने 260 मध्ये एक गट परत चालू करून 216 एककांचं कार्ड आणलं. गिऱ्हाइकाला त्याच चिपेतून जास्त माल मिळाला, तो स्पर्धेमुळे.

इथपर्यंत वाचून वाटेल की एनव्हिडियाने जागा उधळली आणि एटीआयने शहाणपणाने वापरली. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण त्या लहान चिपेत 800 एककं कशी मावली ते बघितलं पाहिजे. ती 800 सुटी नव्हती, पाच-पाचच्या 160 जोडण्या होत्या. पाच आसनांची जीप समजा. दर ठोक्याला ती सुटणारच, मग आत पाच प्रवासी असोत की दोन. पाचही आसनं भरायची तर एकमेकांवर अवलंबून नसलेली पाच गणितं ड्रायव्हर सॉफ्टवेअरने आधीच शोधून ठेवायला हवीत. चित्र रंगवताना ते सोपं जातं, कारण लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता यांची गणितं आपोआप शेजारी-शेजारी येतात. हवामानाचा अंदाज किंवा रेणूंची हालचाल मोजायला घेतली की आसनं रिकामी जातात. कागदावर एचडी 4870 चा वेग सेकंदाला 1.2 लाख कोटी गणितांचा, जीटीएक्स 280 च्या 0.93 लाख कोटींहून जास्त. प्रत्यक्षात तो गाठायला प्रोग्रामरला घाम गाळावा लागे.

एनव्हिडियाने एकेकटी एककं ठेवली. प्रत्येकाला एकच प्रवासी लागतो, म्हणून ती भरलेली राहतात. त्यांना कामावर ठेवणारी यंत्रणा मात्र जास्त जागा खाते. ग्राफिक्सच्या हिशेबाने ही जागा महाग पडली. पण या रचनेवर कूडा नावाची प्रोग्रामिंगची सोय 2007 पासून उपलब्ध होती, आणि सी भाषा येणारा कुणीही विद्यार्थी आपल्या गेमिंग कार्डावर विज्ञानाची गणितं करू शकत होता. 2012 मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या तिघा संशोधकांनी चित्रं ओळखणारं अ‍ॅलेक्सनेट हे न्यूरल नेटवर्क शिकवलं ते दोन जीटीएक्स 580 कार्डांवर. दुकानात मिळणारी साधी गेमिंग कार्डं ती. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेची सुरुवात बहुतेक जण तिथून मोजतात. एएमडीनेही 2011 च्या अखेरीस एचडी 7970 जाहीर करताना जीपची कल्पनाच सोडून दिली होती, पण तोवर प्रयोगशाळांना कूडाची सवय लागली होती. 2008 ची किमतीची लढाई एएमडी जिंकली. ज्या जागेमुळे एनव्हिडिया ती हरली, त्या जागेने पुढचं दशक तिच्या पदरात टाकलं.

मधल्या काळातली बाकीची चढाओढ मी भरभर सांगतो. मोठ्या चिपेचा फटका एनव्हिडियाला 2010 मध्ये पुन्हा बसला. जीटीएक्स 480 ची 529 चौरस मिलिमीटरची चिप सहा महिने उशिरा आली, आणि 512 पैकी 480 एककं चालू ठेवूनच विकावी लागली. एएमडीने 2022 मध्ये चिप तोडूनच बघितली. आरएक्स 7900 एक्सटीएक्समध्ये गणिताचा भाग महागड्या 5 नॅनोमीटर पद्धतीच्या वेफरवर बनवला आणि कॅश मेमरीचे, म्हणजे हाताशी ठेवायच्या माहितीच्या साठ्याचे, सहा छोटे तुकडे जुन्या 6 नॅनोमीटरवर. ट्रान्झिस्टर लहान होत गेले तरी कॅश आणि कडेच्या तारांची जागा आता फारशी आक्रसत नाही, मग तिच्यासाठी महाग वेफर कशाला खर्च करायची, हा त्यामागचा विचार. इंटेल तर नवखी म्हणून जागेतच किंमत मोजते आहे. 2024 च्या डिसेंबरमधलं तिचं आर्क बी580 हे कार्ड 249 डॉलरचं, आणि चिप 272 चौरस मिलिमीटरची, माझ्या टेबलावरच्या चिपेपेक्षाही मोठी.

ती चिप मोठ्या भावंडात बसून 299 डॉलरला विकली गेली होती. 2023 मध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स 4060 आलं तेही 299 डॉलरलाच, पण चिप 159 चौरस मिलिमीटरची. ट्रान्झिस्टर 1,890 कोटी, म्हणजे वीसपट. पैसे तेवढेच आणि सिलिकॉन कमी, अशी तक्रार गेमिंगवाले करतात. ती अर्धी खरी आहे. 299 डॉलरला 2008 मध्ये जे मोल होतं ते 2023 मध्ये उरलं नव्हतं, आणि नव्या पद्धतीची वेफर जुन्या वेफरपेक्षा कितीतरी महाग आहे. उरलेली अर्धी तक्रार स्पर्धेबद्दलची आहे, आणि ती मला पटते.

2025 च्या सुरुवातीला एएमडीने पुन्हा जाहीरपणे वरचा नंबर सोडला आणि आरएक्स 9070 एक्सटी आणलं. जाहीर किंमत 599 डॉलर. समोर एनव्हिडियाचं आरटीएक्स 5070 टीआय, 749 डॉलरचं. चाल 2008 चीच दिसते. पण चिपा मोजल्या तर एक 357 चौरस मिलिमीटर, दुसरी 378. दोन्ही टीएसएमसीच्या, एकाच पिढीच्या पद्धतीने बनलेल्या. दोन्ही कार्डांवर 256 बिट, 16 गिगाबाइट. तेव्हा एटीआय जे शंभर डॉलर कमी घेत होती ते चिपेच्या आकारातून आलेले होते. आताचे दीडशे डॉलर एएमडीला बरेचसे स्वतःच्या नफ्यातून सोडावे लागतात, आणि असं फार दिवस कुणी सोडत नाही.

शिवाय रांगेत तिसरा माल उभा आहे. डेटा सेंटरमध्ये जाणारी एनव्हिडियाची एच100 ही चिप 814 चौरस मिलिमीटरची, टीएसएमसीच्या त्याच पिढीच्या वेफरवरची. एका एच100 च्या जागेत 5070 टीआयच्या दोन चिपा बसतात. त्या दोन चिपांची कार्डं विकली तर हाती येतात 1,500 डॉलर. एच100 ची खास मेमरी आणि जोडणी महाग आहे हे धरूनही, ती विकली गेली ती 25 हजार डॉलर आणि त्याहून जास्त किमतीला.