जांभ्याच्या भिंतीवर कपाट किती वजन पेलतं?

ओट्यावरचं कपाट भिंतीतून उपटून येतं, तेव्हा दोष डब्यांच्या वजनाला दिला जातो. बहुतेक वेळा खरा घोळ कपाटाच्या खोलीचा असतो.

3 फूट रुंद, अडीच फूट उंच, 1 फूट खोल असं 18 मिलिमीटर प्लायचं कपाट घ्या. असं प्लाय चौरस मीटरला साधारण 12 किलो भरतं, म्हणजे रिकामं कपाटच दारांसकट 28 किलोच्या आसपास. त्यात तांदूळ, पिठं, तेल, स्टीलची ताटं मिळून 42 किलो धरा. झाले 70.

हे 70 किलो स्क्रूंना खाली दाबतात, आणि तो दाब चांगला स्क्रू सहज सोसतो. पण वजनाचा मध्य भिंतीपासून 6 इंच पुढे असल्याने कपाट खालच्या कडेवर टेकून पुढे कलायला बघतं. वरचे स्क्रू त्या कडेपासून 28 इंचांवर असतील, तर त्यांच्यावरची ओढ 70 × 6 ÷ 28, म्हणजे 15 किलो. आता तेवढंच वजन 2 फूट खोल, सव्वा फूट उंच माळ्यात ठेवा. वजनाचा मध्य 12 इंच पुढे गेला, स्क्रू 14 इंचांवर आले. ओढ थेट 60 किलो. वजन तेच, ओढ चौपट! म्हणून खोल आणि बुटक्या कपाटाला खालून लोखंडी ब्रॅकेट हवेतच. हिशेब चौपट सुरक्षेने करावा: माळ्याला वर दोनच स्क्रू असतील, तर प्रत्येकाने 120 किलोची ओढ सोसायला हवी.

आता भिंत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ती बहुधा चिऱ्याची, म्हणजे जांभा दगडाच्या ठोकळ्यांची. जांभा सच्छिद्र, हॅमर चालू ठेवून ड्रिल मारलं की भोक कडेने फुटून मोठं होतं आणि गिट्टी, म्हणजे स्क्रू धरणारी प्लास्टिकची खुंटी, त्यात नुसती फिरते. हॅमर बंद ठेवून, चिऱ्याच्या मधोमध भोक घ्यावं. सांध्यात कधीच नको, जुन्या घरांत तर तिथे मातीच निघते. गिलाव्याचा इंचभर थर पकडीत मोजू नये. 10 मिलिमीटरची लांब गिट्टी चिऱ्यात किमान 3 इंच शिरली पाहिजे. भुसभुशीत चिऱ्यात जाळीच्या नळीसह केमिकल अँकर, म्हणजे भोकात घट्ट होणाऱ्या रसायनाने धरलेला बोल्ट, वापरावा. जाळी नसेल तर रसायन छिद्रांत पसरून वाया जातं. भोकातली धूळ फुंकून, ब्रशने काढल्याशिवाय तेही धरत नाही.

स्क्रू 6 मिलिमीटरच्या पातळ पाठीतून मारणं ही नेहमीची चूक: स्क्रू भिंतीत राहतो, पाठ फाटते. दोन्ही बाजूंना आणि वरच्या फळीला जोडलेली 18 मिलिमीटरची आडवी पट्टी आत घालून तिच्यातून मारावेत.

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यालगत स्क्रूंवरचा झिंकचा मुलामा खाऱ्या हवेत टिकत नाही. तिथे 316 दर्जाचं स्टेनलेस घ्यावं, 304 वर डाग येतात. प्लाय आयएस 710 (मरीन प्लायचं मानक) शिक्क्याचं, कापलेल्या कडा सील केलेल्या. भिंत पावसात ओल धरत असेल, तर कपाटामागे अर्धा इंच फट सोडावी. मात्र वरचीच नव्हे, खालची कडही भिंतीवरच्या तेवढ्याच जाडीच्या पट्टीवर घट्ट टेकवावी, नाहीतर कपाट झुलतं.

सामान भरण्याआधी 42 लिटर पाणी बाटल्यांत भरून रात्रभर आत ठेवावं. सकाळी वरच्या कडेशी फट वाढलेली दिसली, तर तोच स्क्रू पिळू नये. कपाट उतरवून दुसऱ्या चिऱ्यात नवं भोक घ्यावं.