खुणा जुळल्या म्हणजे टायमिंग जुळलं असं नाही

कुर्ल्याच्या गॅरेजांत अजूनही ठामपणे सांगतात, "पुलीच्या खुणा जुळल्या, कॅमचं टायमिंग झालं." कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँक म्हणजे पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा; क्रँकच्या कोणत्या अंशाला व्हॉल्व्ह उघडतो, ते टायमिंग. कंपनीतून आलेल्या इंजिनाला नुसत्या खुणा चालतात, रेसिंगसाठी बांधलेल्याला नाही. हेड (सिलिंडरवरचं झाकण) घासलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि टायमिंग मागे पडतं. कॅमवरची १ अंशाची चूक क्रँकवर २ अंशांची होते.

आधी स्पार्क प्लगच्या भोकातून पिस्टन अडवणारा स्टॉपर बसवा. क्रँक दोन्ही दिशांनी हातानेच, हळू, पिस्टन टेकेपर्यंत फिरवा. डिग्री व्हीलवरच्या (क्रँकला लावलेल्या अंशांच्या चकतीवरच्या) दोन आकड्यांचा मध्य हाच खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन सर्वात वर असण्याची जागा. स्टॉपर काढा. मग व्हॉल्व्हवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) लावा. व्हॉल्व्हची सर्वाधिक उचल थेट शोधू नका, तिथे काटा बराच वेळ हलतच नाही! तिच्या अलीकडे-पलीकडे सारखी उचल दाखवणारे अंश टिपा. त्यांचा मध्य कॅम बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्याशी जुळेपर्यंत कॅमची ॲडजस्टेबल पुली सरकवा.