बहुखिडकी रांगेच्या लांबीच्या सीमा

रांग सिद्धांतातील, म्हणजे रांगांच्या गणिती अभ्यासातील, असमानतांचा एक गट. सेवेच्या खिडक्या अनेक आणि त्यांच्यापुढे रांग एकच, अशा व्यवस्थेत रांगेची सरासरी लांबी फार तर किती होईल, हे या असमानता सांगतात. नेमकी लांबी मोजक्याच प्रकारांत सूत्राने काढता येते. बाकी सगळीकडे सीमेवरच भिस्त.

समजा, पणजीच्या बसस्थानकावर ४ तिकीट खिडक्या उघड्या आहेत आणि एका उतारूला सरासरी ३ मिनिटे लागतात. म्हणजे तासाला ८० जणांचे काम होऊ शकते. तासाला ७२ जण आले तर भार, म्हणजे येणारे भागिले क्षमता, ०.९. उतारू यदृच्छेने येत असतील आणि सेवेचा वेळ घातांकी वितरणाचा (बहुतेक कामे छोटी, थोडी खूप लांबणारी) असेल, तर डॅनिश गणितज्ञ एर्लांग यांच्या १९१७ मधील सूत्रानुसार रांगेची सरासरी लांबी म्हणजे थांबावे लागण्याची संभाव्यता गुणिले भार भागिले (१ उणे भार). संभाव्यता १ पेक्षा जास्त नसतेच. त्यामुळे खिडक्या कितीही असोत, रांग सरासरी ९ च्या पुढे जात नाही. तासाला ७६ जण आले की ही सीमा १९ होते, ७८ आले की ३९. अवघ्या सहा उतारूंनी चौपटीहून अधिक! या विषयाचा सगळा जीव या छेदात, १ उणे भार यात, आहे.

वितरण कोणतेही असले तर? एका खिडकीसाठी ब्रिटिश गणितज्ञ जॉन किंगमन यांनी १९६२ च्या सुमारास केवळ सरासरी आणि प्रचरण (सरासरीभोवतीच्या चढउताराचे माप) यांवर उभी असलेली सीमा दिली. १९७० मध्ये त्यांनीच ती अनेक खिडक्यांपर्यंत नेली. पण खिडक्या वाढल्या की लांबीची ही सीमा विनाकारण फुगते. २०१७ मध्ये युआन ली आणि डेव्हिड गोल्डबर्ग यांनी, आगमन व सेवेच्या वेळांवर थोड्या अटी घालून, खिडक्यांच्या संख्येबरोबर न फुगणारी सीमा सिद्ध केली. तिच्यातील स्थिरांक अवाढव्य असल्याने खिडक्या किती उघडाव्यात हे तिच्यावरून ठरवता येत नाही. तरीही सिद्धांताच्या दृष्टीने ते मोठे पाऊल आहे.

रायबंदर–चोडण फेरीबोटीला हे गणित जसेच्या तसे लावू नये. बोट एका खेपेत अनेक वाहने उचलते, ती समूहसेवा होय, आणि तिच्या सीमा वेगळ्या. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या ३ डिसेंबरच्या फेस्ताला (उत्सवाला) तर आगमनाचा वेग तासातासाला बदलतो. जिथे भार १ च्या वर जातो, तिथे तेवढा काळ कोणतीच स्थिर सीमा उरत नाही. गर्दी ओसरेपर्यंत रांग वाढतच राहते.